विश्लेषण : घोडबंदरच्या ब्रूपबबाबत ‘उभी की आडवी’ एवढाच प्रश्न का?

घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या ब्रूपबमध्ये काही बदलले, की त्याची पहिली चर्चा आसपासच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर होते. गच्चीवरची बैठक बंद का झाली, नेहमीच्या बीअरची चव वेगळी का लागते, बिल का फुगले, असे तिथे नियमित जाणारे विचारतात. संगीताचा आवाज का वाढला, गेटसमोर गाड्या का लागतात, असे समोरच्या इमारतीत राहणारे विचारतात. या रस्त्यावरची गंमत अशी, की हे दोन्ही प्रश्न अनेकदा एकाच घरातून येतात. शनिवारी ग्राहक असलेला माणूस मंगळवारी त्याच पबचा शेजारी असतो. पबमधले मोठे बदल ठरतात ते मात्र न्यायालयात, मंत्रालयात किंवा महापालिकेच्या जेसीबीसमोर. ज्यांची ही वस्ती आहे त्यांना कोणी विचारत नाही. असे का होते आणि ते टाळता येईल का?

ब्रूपब म्हणजे काय?

जिथे बीअर तयार होते आणि तिथेच ती ग्लासात भरून मिळते, ते ब्रूपब. काचेपलीकडे दिसणाऱ्या स्टीलच्या टाक्या ही त्याची खूण. माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी यांपासून तिथे लहान प्रमाणात बीअर बनते. एक खेप तयार व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात, लागर प्रकाराला त्याहून अधिक. बाटलीबंद बीअरसारखी ती महिनोन्महिने टिकावी अशी प्रक्रिया सहसा केलेली नसते. त्यामुळे ती सतत थंड ठेवावी लागते आणि लवकर संपवावी लागते.

महाराष्ट्रात या प्रकाराची सुरुवात पुण्यातून झाली. ‘डुलाली’ने २००९ मध्ये पुण्यात आपली मायक्रोब्रुअरी सुरू केली. पुढे पुण्यात आणि मग मुंबईत हे लोण पसरले. ठाणे जिल्ह्याचाही यात वाटा आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक पट्ट्यात ‘गेटवे ब्रूइंग कंपनी’ने क्राफ्ट बीअरचे उत्पादन सुरू केले आणि ती मुंबईतल्या हॉटेलांपर्यंत गेली.

यातच एक फरक समजून घ्यायला हवा. काही ठिकाणी बीअर तिथेच बनते, तर काही ठिकाणी ती दुसरीकडच्या ब्रुअरीतून पिंपात भरून येते आणि नळातून दिली जाते. दुसऱ्या प्रकाराला टॅपरूम म्हणतात. पाटी तीच राहते, पण टाक्या हलल्या की पबचा स्वभाव बदलतो. ‘चव बदलली’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते. ग्राहकाला ते सांगण्याची पद्धत मात्र नाही.

हा प्रश्न घोडबंदरलाच इतका टोकदार का?

जुन्या ठाण्यात संध्याकाळी कुठे बसायचे हे ठरलेले होते. तलावपाळीचा कठडा, गडकरी रंगायतनचा परिसर, नौपाड्यातली उपाहारगृहे. घोडबंदर रस्त्यावरची वस्ती तशी वाढलेली नाही. माजिवडा, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, ओवळा, कासारवडवली ही मूळची गावे. गेल्या दोन-अडीच दशकांत त्यांच्या शिवारात आणि जवळच्या जुन्या कारखान्यांच्या जमिनींवर गृहसंकुले उभी राहिली. घरे आधी आली, शाळा आणि मॉल नंतर. डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह सोडले तर लाखोंच्या वस्तीला एकत्र बसायला सार्वजनिक जागा फारशी मिळाली नाही. ती पोकळी कॅफे, हॉटेले आणि पब यांनी भरून काढली.

त्यात प्रवासाचे गणित आहे. या भागातला नोकरदार रोज मुंबई, ऐरोली किंवा बोरिवलीकडे जाऊन येतो. मेट्रो ४ आणि ४अ या मार्गिकांच्या कामामुळे रस्ता वर्षानुवर्षे अरुंद झालेला. सप्टेंबर २०२५ मध्ये गायमुख ते विजय गार्डन या टप्प्यात मेट्रोची चाचणी झाली, पण त्याआधीची वर्षे लोकांनी कोंडीत काढली. अशा माणसाला शनिवारी पुन्हा लोअर परळला जायचे नसते. घरापासून पायी किंवा रिक्षाने पोहोचता येईल असे ठिकाण त्याला हवे असते. पत्नी, बहीण किंवा मैत्रीण सोबत असताना अवघडल्यासारखे वाटू नये, अशी त्याची अपेक्षा असते. जुन्या काळोख्या परमिट रूमने ही गरज भागवली नाही. ब्रूपबने ती भागवली. म्हणून त्यात बदल झाला की ग्राहकाला तो आपल्या घरातला बदल वाटतो.

नियमित ग्राहकांचे आक्षेप कोणते?

ते चार गटांत मांडता येतात. पहिला आक्षेप आवाजाचा. गप्पांसाठी असलेली जागा डीजेची झाली, मोठा पडदा आला, सामन्याच्या दिवशी शेजारच्याचे बोलणे ऐकू येईना. दुसरा, निवड कमी झाल्याचा. आधी पाच-सहा प्रकारच्या बीअर होत्या, आता दोन आणि उरलेली यादी कॉकटेलची. तिसरा, पैशांचा. दर वाढले, सेवा शुल्क लागले, शनिवारी प्रवेशासाठी किमान खर्चाची अट आली. चौथा, जागेचा. गच्ची किंवा मोकळे अंगण गेले आणि तेवढेच लोक बंद खोलीत कोंबले गेले.

यातले पहिले दोन बदल मालकाच्या निर्णयाचे. त्यामागे अर्थकारण आहे. टाक्यांना जागा लागते आणि घोडबंदरवर जागेचे भाडे चढे. सोमवार ते गुरुवार टेबले रिकामी असतात, सगळी भिस्त शुक्रवार ते रविवारवर. त्या तीन रात्रींत अधिक गिऱ्हाईक फिरवायचे, तर निवांत बसणारा माणूस परवडत नाही. मोठा आवाज हे टेबल लवकर रिकामे करण्याचे साधनही असते. पण तीन तास बसून दोन ग्लास घेणारा ग्राहकच मंगळवारी येतो. त्याला घालवून वीकेंडची गर्दी आणली की पब आठवड्यातून तीन दिवसांचा धंदा होतो. त्यात एखादा शनिवार बुडाला तरी महिना कोसळतो.

उरलेले दोन, पैसे आणि जागा, यांची कारणे मात्र पबबाहेर आहेत.

बिल नेमके कशाने वाढले?

मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. त्यामुळे ब्रूपबच्या बिलात दोन करप्रणाली शेजारी-शेजारी नांदतात. जेवणावर जीएसटी आणि मद्यावर राज्याचा व्हॅट. परमिट रूममधील मद्यावरचा व्हॅट राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के केला. म्हणजे ४०० रुपयांच्या ग्लासवर पूर्वी २० रुपये लागत, आता ४० लागतात. त्यानंतर २०२५-२६ साठी परवाना शुल्कात १५ टक्के वाढ झाली. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पट केले. या साऱ्याच्या निषेधार्थ १४ जुलै २०२५ रोजी राज्यातील बार आणि परमिट रूम एक दिवस बंद राहिले.

इथे ग्राहकाने एक बारकावा लक्षात घ्यावा. जून २०२५ ची उत्पादन शुल्कवाढ व्हिस्की, रम यांसारख्या मद्यावर होती, बीअरवर नव्हती. तेव्हा कॉकटेल महागले तर त्याला ते कारण पुरेसे आहे. तिथेच बनणारी बीअर महागली तर व्हॅट, परवाना शुल्क, भाडे, वीज ही कारणे असू शकतात, पण ‘सरकारने उत्पादन शुल्क वाढवले’ हे उत्तर पुरत नाही. दरफलकाखाली दोन ओळींचा खुलासा लावला तर निम्मी कुजबुज थांबेल.

सेवा शुल्काचे नियम तर स्पष्ट आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. ग्राहकाला न विचारता सेवा शुल्क बिलात घालता येत नाही, असे त्या सांगतात. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. हे शुल्क देणे ऐच्छिक आहे. ते काढायला सांगणे हा हक्क आहे, त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

गच्ची आणि शेड कशी गेली?

याची मुळे २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीत आहेत. मुंबईतील कमला मिल आवारात गच्चीवरील पबला आग लागून १४ जणांचा जीव गेला. ज्वलनशील छत, अडवलेल्या वाटा आणि परवानगीविना वाढवलेली जागा हे शब्द तेव्हा घरोघरी पोहोचले. ठाण्यातही हॉटेले, पब आणि हुक्का पार्लर यांच्या अग्निसुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला. घोडबंदर रस्त्यालगतच्या कोठारी कंपाउंडचे नाव त्या चर्चेत वारंवार आले.

दुसरी लाट जून २०२४ ची. मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीने दोघांचा बळी घेतला. अल्पवयीन चालकाने त्याआधी पबमध्ये मद्य घेतल्याचे समोर आले. जूनमध्ये फर्ग्युसन रस्त्यावरील एका पबमधली चित्रफीत पसरली. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी आधी पुण्यात आणि मग ठाणे व मिरा-भाईंदरमध्ये बेकायदा पब आणि बारवर बुलडोझर चालवण्याचे आदेश दिले. जूनच्या अखेरच्या आठवड्यात ठाणे महापालिकेची पथके बाहेर पडली आणि अनेक ठिकाणची अनधिकृत बांधकामे पाडण्यात आली.

पाडले गेले ते बहुधा मूळ गाळे नव्हते. इमारतीभोवती मोकळी सोडायची जी सामासिक जागा असते, तिच्यावर पत्र्याचे छत टाकून वाढवलेली बैठक, पावसाळी शेडच्या नावाखाली बारमाही झालेले बांधकाम, गच्चीवरचे आच्छादन. नियमित ग्राहकाची आवडती जागा नेमकी तीच असते. सामासिक जागा शोभेसाठी नसते. आग लागली तर अग्निशमन दलाचा बंब तिथूनच आत यायचा असतो. त्यामुळे ‘आमची गच्ची परत द्या’ ही मागणी करताना ती गच्ची मुळात कोणाची होती, हे ग्राहकाने विचारायलाच हवे.

पण प्रशासनालाही तेवढाच थेट प्रश्न आहे. ही शेड एका रात्रीत उभी राहिली नव्हती. तिच्याखाली वर्षानुवर्षे टेबले लागत होती, परवाने नूतनीकृत होत होते, अधिकारी ये-जा करत होते. पुण्यात चित्रफीत पसरली म्हणून ठाण्यातली शेड बेकायदा ठरली का? ती आदल्या आठवड्यातही बेकायदाच होती. तपासणी नियमित झाली असती तर बुलडोझरची गरज पडली नसती. आणि पाडकाम होऊन गेल्यावर महिन्याभराने पाहणी कोण करणार, हा प्रश्न तेव्हा जवळपास कोणीच विचारला नाही.

एका निकालाने सारा रस्ता कसा थांबला होता?

घोडबंदर रस्त्याला अशा धक्क्याचा अनुभव त्याआधीही होता. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री बंद करण्याचा निकाल दिला. १ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. केवळ दुकानेच नव्हे, तर बार आणि उपाहारगृहेही त्यात आली. घोडबंदर रस्ता हा राज्य महामार्ग. नागरिकांच्या दृष्टीने तो शहरातला मुख्य रस्ता असला, तरी कागदावर महामार्ग असल्याने त्याच्या कडेचे परवाने थेट या निकालाच्या कक्षेत आले. त्याच वर्षी जुलैमध्ये महापालिका हद्दीतील परवान्यांबाबत न्यायालयाने खुलासा केला आणि मार्ग मोकळा झाला.

उद्देश रास्त होता. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांमुळे माणसे मरतात आणि घोडबंदरवर रात्री गुजरात व उरणच्या बंदराकडे जाणारी अवजड वाहने धावत असतात. पण निकालात अंतर मोजले गेले, वर्तन नाही. पायी येणारा ग्राहक आणि गाडी काढून वसईला निघालेला ग्राहक, दोघांना एकच पट्टी लागली. मधल्या काळात वेटर, स्वयंपाकी, सफाई कामगार यांचा पगार गेला तो गेलाच. मार्च २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा तेच झाले. टाक्यांत तयार झालेली बीअर विकता येईना आणि राज्यातील अनेक मायक्रोब्रुअरींना ती ओतून द्यावी लागली. जुलै २०२० मध्ये राज्याने ताजी बीअर घरी नेण्यास परवानगी दिली, तोवर नुकसान होऊन गेले होते.

शेजाऱ्यांचे म्हणणे काय?

ते ग्राहकांपेक्षा जुने आहे आणि अधिक पक्क्या पायावर उभे आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबलची, व्यापारी क्षेत्रात ५५ ची. बंदिस्त जागेबाहेर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. घोडबंदरची रचना मात्र अशी, की खाली दोन-तीन मजली व्यापारी इमारत आणि तिला लागून वीस-पंचवीस मजली मनोरे. गच्चीवरचा आवाज वर चढतो आणि दहाव्या-बाराव्या मजल्यावरच्या शयनगृहात शिरतो. रस्त्यावर उभ्या पोलिसाला तो तेवढा जाणवतही नाही. पुण्यात कल्याणीनगर आणि कोरेगाव पार्कचे रहिवासी नेमकी हीच तक्रार २०२४ च्या अपघाताच्या आधीपासून करत होते. येऊरच्या जंगलाच्या कडेला तर आदिवासी पाड्यांनी आणि पर्यावरणप्रेमींनी हा लढा वर्षानुवर्षे चालवला आहे.

दुसरा मुद्दा पार्किंगचा. गाळ्यांच्या वाट्याला मोजक्या गाड्यांची जागा असते, बाकीच्या सेवा रस्त्यावर लागतात. आता सेवा रस्ते मुख्य रस्त्यात विलीन करण्याचे काम सुरू झाल्यावर तीही जागा आटत चालली आहे. तिसरा मुद्दा पाण्याचा, आणि ब्रूपबला तो विशेष लागू आहे. मोठ्या कारखान्यांतही एक लिटर बीअरमागे चार-पाच लिटर पाणी खर्च होते. लहान ब्रुअरीत टाक्या आणि नळ्या धुण्यात प्रमाण आणखी वाढते. घोडबंदर हा टँकरवर जगणारा पट्टा. पाण्याअभावी इथल्या नव्या बांधकाम परवानग्यांचा प्रश्न २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गाजला होता. ज्या संकुलात उन्हाळ्यात दिवसाला दोनदा पाणी सुटते, तिथले लोक शेजारच्या टाक्यांकडे वेगळ्या नजरेने पाहणारच.

चौथा मुद्दा वयाचा. राज्यात सौम्य बीअरसाठी किमान वय २१ आणि इतर मद्यासाठी २५. म्हणजे २२ वर्षांच्या तरुणाला त्याच टेबलावर बीअर चालते, कॉकटेल नाही. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या चौकटीत मद्य पिण्यासाठी वैयक्तिक परवाना लागतो. एका दिवसाचा ५ रुपयांत, वर्षाचा १०० रुपयांत, तहहयात १,००० रुपयांत. किती टेबलांवर वय किंवा परवाना विचारला जातो, याचे उत्तर प्रत्येक ग्राहकाला ठाऊक आहे.

कायदा लोकांना काय विचारतो?

फक्त एक प्रश्न : उभी की आडवी? ठरावीक संख्येने मतदारांनी मागणी केली तर मद्यविक्रीचे परवाने ठेवायचे की नाही यावर गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी आणि आडवी बाटली असते. ग्रामीण महाराष्ट्रात महिलांनी या हत्याराने अनेक दारू दुकाने बंद पाडली आहेत. मार्च २०२५ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत आणखी एक घोषणा केली. गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नवी बीअर शॉपी किंवा मद्याचे दुकान सुरू करायचे असेल तर त्या संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल, अशी ती घोषणा होती.

दोन्ही तरतुदींचे मोल मोठे आहे. पण दोन्ही ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यात अडकलेल्या आहेत. घोडबंदरच्या रहिवाशाला बहुधा यातले काहीच नको असते. पब असावा, पण गच्चीवर ध्वनिक्षेपक नको. टाक्या असाव्यात, पण पाणी कुठून येते ते कळावे. शनिवारी गर्दी व्हावी, पण रुग्णवाहिकेची वाट अडू नये. हे मत नोंदवायला कायद्यात रकानाच नाही. परवाना जिल्हाधिकारी आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे, बांधकाम आणि अग्निसुरक्षा महापालिकेकडे, आवाज पोलिसांकडे, रस्ता सार्वजनिक बांधकाम विभाग आणि एमएमआरडीएकडे. रहिवाशाने तक्रार करायची तर चार दारे आणि प्रत्येक दारात दुसऱ्या दाराचा पत्ता. मग तो तक्रार करणे सोडतो आणि एखादी चित्रफीत पसरेपर्यंत सारे शांत राहते.

इतरत्र ग्राहकांचे ऐकतात का?

बीअर पिणाऱ्यांचा राग राज्यकर्त्यांनी हलक्यात घेऊ नये, हे म्युनिकने १८४४ मध्ये दाखवले. दरवाढीवरून तिथे दंगल उसळली आणि अखेर दर खाली आणावे लागले. ब्रिटनने अधिक शहाणा मार्ग काढला. मोठ्या कंपन्या पबमधली पारंपरिक बीअर बाजूला सारून एकसाची माल पुढे करत होत्या, तेव्हा १९७१ मध्ये चार मित्रांनी ‘कॅमरा’ ही ग्राहक संघटना सुरू केली. पुढे तिचे लाखाहून अधिक सदस्य झाले आणि बीअरची निवड, पबचे जतन, ग्राहकाचे हक्क यांवर तिचे म्हणणे सरकारला ऐकावे लागले. इंग्लंडमध्ये २०११ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्याने रहिवाशांना एक अधिकार दिला. आपला पब ‘समाजासाठी मोलाची वास्तू’ म्हणून त्यांना नोंदवता येतो. असा पब विकायला निघाला तर तो विकत घेण्याची तयारी करायला स्थानिकांना सहा महिन्यांची मुदत मिळू शकते.

हे जसेच्या तसे ठाण्यात आणावे असे नाही. इथला कायदा दारूबंदीच्या पायावर उभा आहे आणि दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्या आसपास आहेत. पण पबचे काय व्हावे हे ठरवताना त्याच्या भोवती राहणाऱ्यांना आधी विचारावे, एवढे तत्त्व घेण्यासारखे आहे.

मग करायचे काय?

त्यासाठी नवा कायदाच हवा असे नाही. परवान्याचे वर्ष ३१ मार्चला संपते. दरवर्षी नूतनीकरणाआधी फेब्रुवारीत प्रभाग समितीच्या कार्यालयात एक दिवसाची जाहीर सुनावणी ठेवावी. उत्पादन शुल्क, महापालिका, अग्निशमन आणि पोलीस या चारही विभागांचे अधिकारी एका टेबलावर बसावेत. शेजाऱ्यांनी वर्षभराच्या तक्रारी मांडाव्यात, ग्राहकांनी आपले अनुभव, मालकांनी आपल्या अडचणी. त्यातून अटी ठरवून परवान्याला जोडाव्यात. गच्चीवर संगीत नाही, अमुक इतक्याच गाड्या, पाण्याचा स्रोत जाहीर, उशिरा निघणाऱ्या ग्राहकासाठी चालकाची किंवा रिक्षाची सोय. अट मोडली की आधी दंड, मग काही दिवसांचे निलंबन, शेवटी परवाना रद्द. अशा पायऱ्या असल्या की दुर्लक्ष आणि बुलडोझर यांच्यामधली मोकळी जागा भरून निघते.

दुसरे काम त्याहून सोपे. प्रत्येक परमिट रूम आणि ब्रूपबच्या दारावर एक फलक लावावा. मंजूर क्षेत्रफळ किती, एका वेळी किती माणसे बसू शकतात, गच्ची आणि अंगण यांना परवानगी आहे का, अग्निसुरक्षेची तपासणी शेवटची कधी झाली, बीअर इथेच बनते की बाहेरून येते. मोबाइलवर क्यूआर कोड टिपला की सारी कागदपत्रे दिसावीत. आपण ज्या छताखाली बसलो आहोत ते वैध आहे का, हे कळायला ग्राहकाला आग लागेपर्यंत थांबावे लागू नये.

तिसरे काम ग्राहकांचे. दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण भीती दंडाची नसावी. कासारवडवलीच्या वळणावर मध्यरात्री समोरून येणाऱ्या कंटेनरची असावी. ज्या ग्राहकाला आपल्या पबबद्दल मत देण्याचा हक्क हवा आहे, त्याने चावी घरी ठेवून येणे ही त्या हक्काची किंमत समजावी. बेकायदा गच्चीवर टेबल नाकारणे आणि अल्पवयीन भाच्याला सोबत न आणणे, हीही त्याच हिशेबातली कामे.

घोडबंदरच्या लोकांनी रस्त्यासाठी, पाण्यासाठी, खड्ड्यांसाठी संघटित होऊन आवाज उठवला आहे. त्या तुलनेत पबचा प्रश्न किरकोळ वाटेल. पण रात्रीची झोप, आगीपासूनची सुरक्षितता, रस्त्यावरचा जीव आणि तिथे काम करणाऱ्यांचा पगार या चारही गोष्टी त्या एका परवान्याला बांधलेल्या आहेत. बाटली उभी ठेवायची की आडवी, हे विचारणे सोपे आहे. ती उभी राहणार असेल तर कोणत्या अटींवर, हे त्याच प्रभागातल्या लोकांना विचारण्याची वेळ येत्या फेब्रुवारीत साधता येईल.